पेट्रोलचा भाव आणि कामाची वाट

(एका निवृत्त शिक्षकांनीं नभोवाणीवर केलेलें भाषण)

माझीं ३८ वर्षें मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेलीं. "एक मोटार एका लिटरांत १२ किलोमीटर जाते, तर ३६ किलोमीटर जाण्यास किती पेट्रोल लागेल?" हें उदाहरण मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल, याची गणती नाहीं. मुलें "तीन लिटर" असें उत्तर लिहीत, मी त्याखालीं बरोबरची खूण करीं, आणि उदाहरण तेथेंच संपे. पुढें हेंच उदाहरण माझ्या घरांत राहावयास येईल आणि दर महिन्याच्या अखेरीस पगारांतला वांटा मागेल, असें मला त्या वेळीं स्वप्नांतही वाटलें नव्हतें.

आमचा मुलगा पुण्यांतील पेठेंतल्या आमच्या घरून पिंपरीकडील एका कारखान्याच्या कचेरींत जातो. जाऊन येऊन ३६ किलोमीटर. रहदारींत अडखळत जाणारी त्याची मोटार लिटरला १२ किलोमीटरच चालते. म्हणजे रोजचें ३ लिटर, आणि महिन्याच्या २२ दिवसांचें ६६ लिटर. हिशेबाच्या सोयीसाठीं लिटरला १०० रुपये भाव धरला, तर महिन्याला ६६०० रुपये झाले. यांत टायर, दुरुस्ती, विमा आणि कर्जाचा हप्ता धरलेला नाहीं.

भाव वाढल्याची बातमी आली कीं आमच्या घरीं चहाच्या वेळीं सभा भरते. कोणी सरकारला दोष देतें, कोणी तेलवाल्या देशांना, तर कोणी कंपन्यांना. अशाच एका सभेंत मीं आपला अभिप्राय दिला: "यांत एवढें काय अवघड आहे? आम्ही सायकलनें जात होतों. तूंही जात जा." मुलानें कप खालीं ठेवला आणि शांतपणें म्हणाला, "बाबा, तुम्ही ज्या रस्त्यानें सायकलवरून शाळेंत जात होतां, त्या रस्त्यानें एकदां जाऊन या. मग मी तुमचें ऐकेन." त्या आव्हानाचें पुढें काय झालें तें सांगतोंच, परंतु आधीं हा भाव वाढतो कां, याचा थोडा विचार करूं.

पेट्रोल महाग होण्याची ही कांहीं पहिली वेळ नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत आपल्या देशांत पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि पुष्कळ मोटारींच्या पाठीला कोळशाच्या वायूची भट्टी बसली. माझे वडील त्या मोटारींची गोष्ट सांगत. चढ आला कीं उतारूंनीं खालीं उतरावें, मोटारीच्या बरोबरीनें चालावें, आणि माथ्यावर पुन्हां आपापल्या जागीं बसावें. पुढें १९७३ सालीं, मी शाळेंत असतांना, ऑक्टोबर महिन्यांत पश्चिम आशियांत युद्ध पेटलें. अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें आणि पिंपाला ३ डॉलरांच्या आसपास असलेला भाव कांहीं महिन्यांत १२ डॉलरांच्या घरांत गेला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अटलबिहारी वाजपेयी भाववाढीच्या निषेधार्थ बैलगाडींतून संसदेंत गेले. १९९० सालीं इराकनें कुवेत घेतला, तेव्हां पुन्हां तेंच झालें. २००८ च्या जुलैंत पिंपाचा भाव १४७ डॉलरांपर्यंत चढला. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली, आणि एप्रिलांत मुंबईंतला पेट्रोलचा भाव लिटरला १२० रुपयांच्या वर गेला. नंतर मे महिन्यांत केंद्र सरकारनें आपल्या करांत लिटरमागें ८ रुपये आणि जुलैंत महाराष्ट्र सरकारनें ५ रुपये कमी केले, तेव्हां तो उतरला.

या सर्व हकीकतींतून एकच गोष्ट ध्यानांत येते. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या १०० भागांपैकीं ८० हून अधिक भाग परदेशांतून येतात. त्याची किंमत डॉलरांत द्यावी लागते. म्हणून कोठें दूर समुद्रधुनींत जहाजें अडलीं, किंवा रुपया डॉलरापुढें नमला, कीं आपल्या चौकांतल्या पंपावरचा आंकडा हलतो. २०१० च्या जूनपर्यंत पेट्रोलचा भाव सरकार ठरवीत असे; तें बंधन त्या महिन्यांत सुटलें, आणि २०१७ च्या जूनपासून रोज सकाळीं भाव बदलण्याची रीत सर्व देशभर सुरू झाली. या भावांत केंद्राचें उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर यांचाही मोठा वांटा असतो. तो कमी व्हावा असें मागणें गैर नाहीं. परंतु त्या करांतूनच रस्ते होतात, शाळा चालतात, आणि माझ्यासारख्याचें निवृत्तिवेतनही येतें. म्हणून या विषयावर मी जरा जपूनच बोलतों.

आतां आपण पुन्हां फळ्याकडे वळूं. खर्च म्हणजे भाव गुणिले लिटर. गुणाकाराला दोन अंक लागतात. त्यांतला भावाचा अंक तुमच्या-माझ्या हातीं नाहीं. लिटरचा अंक मात्र बराचसा आहे. भाव लिटरला ५ रुपयांनीं वाढला, तर माझ्या मुलाचा महिन्याचा खर्च ३३० रुपयांनीं वाढतो. या ३३० रुपयांवर आमच्या घरीं तासभर वाद झाला. पण मूळच्या ६६०० रुपयांबद्दल इतक्या वर्षांत कोणीं चकार शब्द काढला नव्हता! वाढ डोळ्यांत सलते, आणि संवयीचा खर्च दिसेनासा होतो, असा हा प्रकार आहे.

आतां त्या आव्हानाची गोष्ट. माझी सायकल मागल्या पडवींत भिंतीला टेकून सहा-सात वर्षें उभी होती. तिला तेल दिलें, दोन्ही चाकांत हवा भरली, आणि एका सोमवारीं सकाळीं मी निघालों. शाळा घरापासून सहा किलोमीटर. नोकरींत असतांना मला तेथें पोंचण्यास २५ मिनिटें लागत. त्या दिवसांत पुण्याला सायकलींचें शहर म्हणत, आणि तें नांव सार्थ होतें. कारखाने सुटण्याच्या वेळीं पुलावरून सायकलींचा लोंढा वाहत असे. सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागे. रात्रीं दिवा नसला, किंवा दांडीवर कोणी बसविलेला असला, तर पोलीस अडवी आणि चाकांतली हवा सोडून देई. मग ती सायकल हातीं धरून गल्लीबोळांतून, ओळखीचें माणूस टाळीत, घरीं यावें लागे.

पहिला चौक मीं ओलांडला. दुसऱ्या चौकांत पूर्वीं एक पिंपळ होता. आतां तेथें उड्डाणपूल आहे. त्याच्या खालीं डावीकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग तुटेना. मी एक पाय जमिनीला टेकून उभा राहिलों. दिवा हिरवा झाला, मागचे भोंगे वाजूं लागले, मी पुढें झालों, आणि एक बस माझ्या कोंपराला चाटून गेली. चालकाचा दोष नव्हता. त्याच्या दुसऱ्या अंगाला रिक्षा होती, तिच्या पलीकडे दुधाची गाडी होती, आणि त्या सर्वांना मिळून रस्ता एकच होता. पुढें रंगानें आंखलेली सायकलींची वाट दिसली, म्हणून मोठ्या आशेनें तिच्यावर चढलों. तर तिच्यावर दहा-बारा स्कूटरी उभ्या! मी खालीं उतरलों, सायकल हातांत धरली, आणि शाळा न गांठतांच चालत घरीं परत आलों.

संध्याकाळीं मुलाला सांगितलें, "तुझें म्हणणें बरोबर होतें." विद्यार्थ्यांच्या वह्यांत मीं जन्मभर चुका दाखविल्या, ही चूक माझी होती. सायकल घे, असें सांगणें सोपें. परंतु सायकलीला सुरक्षित रस्ता लागतो, ही अट उदाहरणांत लिहावयाची मी विसरलों होतों.

ही अट एका देशानें कशी पुरी केली, तें सांगण्यासारखें आहे. हॉलंड म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सायकलीच सायकली उभ्या राहतात. परंतु तें कांहीं तेथल्या लोकांच्या रक्तांत होतें असें नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेंही घरोघरीं मोटारी आल्या, रस्ते रुंद झाले आणि सायकली मागें पडल्या. १९७१ सालीं तेथील रस्त्यांवर ३००० हून अधिक माणसें मेलीं. त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर आले, आणि मुलांची ही हत्या थांबवा अशी चळवळ उभी राहिली. इतक्यांत १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं हॉलंडचें तेल तोडलें. तेथील सरकारनें ४ नोव्हेंबर १९७३ पासून कांहीं रविवारीं मोटारींना बंदी केली, आणि मोकळ्या हमरस्त्यांवरून लोक पायीं, सायकलनें, चाकांचे बूट घालून फिरले. रस्ता मोटारींवांचून कसा असतो, तें त्यांनीं त्या रविवारीं पाहिलें. पुढच्या वर्षांत सायकलींसाठीं निराळ्या, कठड्यानें वेगळ्या केलेल्या वाटा बांधण्यांत आल्या. आतां तेथील माणसांच्या एकंदर फेऱ्यांपैकीं चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक फेऱ्या सायकलनें होतात. उपदेशानें हें झालें नाहीं; वाटा बांधल्यानें झालें. आपल्या नगरसेवकाला मत देतांना व भेटतांना हें विचारण्यास हरकत नसावी.

परंतु वाटा होईपर्यंत कामावर जावयाचें कसें? म्हणून आम्हीं घरीं एक कोरा कागद घेतला आणि एकेक साधन मांडून पाहिलें.

पहिलें साधन बस. एका १२ मीटर लांबीच्या बसमध्यें ५० माणसें सहज जातात. तींच माणसें एकेकटीं ५० मोटारींतून गेलीं, तर ४ मीटरची एक मोटार धरून, एकीला एक चिकटवून उभ्या केल्या तरी २०० मीटरची रांग होते. बसमध्यें बसणारा मनुष्य पेट्रोल वांचवितो, आणि शिवाय मागच्याला रस्ता मोकळा करून देतो. बस वेळेवर येत नाहीं, आली तर थांबत नाहीं, थांबली तर पाय ठेवण्यास जागा नसते, हीं गाऱ्हाणीं खोटीं नव्हेत. पुण्यांत २००६ च्या डिसेंबरांत बससाठीं राखीव मार्ग सुरू झाला. पण जेथें त्या मार्गांत इतर गाड्या घुसल्या, तेथें त्याचा उपयोग राहिला नाहीं. बसला स्वतःची वाट आणि पुरेशा गाड्या मिळाल्यावांचून लोकांनीं तिच्यासाठीं मोटार सोडावी ही अपेक्षा धरणें व्यर्थ आहे.

दुसरें साधन मेट्रो. पुण्यांत तिचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झाला, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजीं ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत आली. तेव्हांपासून आमच्या घरून पिंपरीला जाण्यास आगगाडीसारखा एक बिनअडथळ्याचा मार्ग झाला. अडचण शेवटच्या दोन किलोमीटरांची. स्टेशन जेथें संपतें तेथें कचेरी नसते. हे दोन किलोमीटर वांटून घेतलेल्या रिक्षानें किंवा पायीं जावें लागतात. पायीं २५ मिनिटें लागतात. फुटपाथ धड असेल तर तीं प्रकृतीला हितकरच. परंतु फुटपाथ धड असणें जरूर आहे.

तिसरें साधन शेजार. एकाच चौकांतून एकाच दिशेला चार मोटारी निघतात आणि चारांत मिळून चारच माणसें असतात. तीं चार एका मोटारींत बसलीं, तर ६६०० रुपयांचे वांटे होऊन एकेकाला १६५० रुपये येतात. गणित सोपें आहे. माणसें एकत्र आणणें अवघड. एकाला पाव तास उशीर होतो, दुसऱ्याला गाणें लागतें, तिसऱ्याला बोलणें आवडत नाहीं. तरी वेळेचा नियम प्रारंभींच ठरवावा: पांच मिनिटें थांबावें, सहावें मिनिट थांबूं नये. असा नियम पाळणारी मंडळी टिकते.

चौथें साधन विजेची दुचाकी. शंभर किलोमीटरला ती साधारण तीन-चार युनिटें वीज खाते. पेट्रोलची स्कूटर तितक्याच अंतराला दोन-अडीच लिटर पिते. म्हणून चालविण्याचा खर्च पुष्कळ कमी होतो. मात्र विकत घेण्याचा खर्च आहे, विद्युत्पेटी पुढें बदलावी लागते, आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशावर निघते. शिवाय विजेची गाडीही रस्त्यावर पेट्रोलच्या गाडीइतकीच जागा अडविते.

पांचवें साधन सर्वांत स्वस्त: न जाणें. २०२० च्या टाळेबंदींत ज्यांचें काम कागदाचें व यंत्राच्या पडद्यावरचें आहे, अशा पुष्कळांनीं तें घरून केलें. आठवड्यांतील एक दिवस तशी परवानगी मिळाली, तर पांचवा हिस्सा पेट्रोल वांचतें. परंतु हें सुख कारकुनाला व हिशेबनिसाला. रुग्णालयांतील परिचारिकेला किंवा लोहाराला नव्हे.

येथें एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. "मोटार सोडा" असें म्हणतांना कोणापुढें म्हणतों, याचें भान हवें. रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलीला निर्जन थांब्यावर बसची वाट पाहा, असें मी सांगणार नाहीं. हत्यारांची पिशवी घेऊन घरोघर नळ दुरुस्त करणाऱ्याला, किंवा जेवणाचे डबे पोंचविणाऱ्या मुलाला, पेट्रोल हा त्याच्या रोजीचाच भाग आहे. भाव वाढला कीं त्याचा नफा त्याच दिवशीं घटतो, आणि भाडें वाढवून मागण्याची सोय त्याला नसते. आमच्याकडे धुणेंभांडीं करण्यास येणाऱ्या बाई दोन बसगाड्या बदलून येतात. भाजीची गाडी महागली कीं त्यांचीही भाजी महागते, आणि त्यांनीं तर पेट्रोलचा एक थेंबही जाळलेला नसतो. म्हणून ज्यांना पर्याय आहे, त्यांनीं तो आधीं घ्यावा. तो भार आपल्यासारख्या सुस्थित घरांचा आहे.

आतां आमच्या घरीं काय ठरलें तें सांगतों. मुलगा महिन्याच्या २२ दिवसांपैकीं १३ दिवस मेट्रोनें जातो. उरलेले ९ दिवस तो आणि त्याच्या कचेरींतील दोघे मिळून आळीपाळीनें एकेकाच्या मोटारीनें जातात. म्हणजे त्याची मोटार महिन्यांतून तीनच दिवस निघते. ६६ लिटरचे ९ लिटर झाले. मेट्रोचें तिकीट आणि रिक्षाचा वांटा धरून एकंदर खर्च २५०० रुपयांच्या आंत बसतो. मेट्रोला दारापासून दारापर्यंत दहा मिनिटें अधिक लागतात, आणि पावसाळ्यांत शेवटच्या दोन किलोमीटरांत पाय भिजतात. त्याबद्दल तो कुरकुर करतो, आणि ती कुरकुर मी निमूटपणें ऐकून घेतों. कारण सायकलीच्या प्रकरणापासून उपदेश करण्याचा माझा अधिकार थोडा कमी झाला आहे.

तो अधिकार परत मिळविण्यासाठीं मीं एक काम पतकरलें. आमच्या सूनबाई रोज सकाळीं नातवाला स्कूटरवरून शाळेंत सोडून तशाच पुढें कामावर जात. शाळा सव्वा किलोमीटरवर. आमच्या वाड्यांतून आणि शेजारच्या दोन घरांतून मिळून पांच मुलें त्याच शाळेंत जातात, म्हणजे पांच स्कूटरी रोज त्याच दारापुढें गर्दी करीत. आतां मी आणि शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर, आम्ही दोघे, त्या पांचांना घेऊन पायीं जातों. वीस मिनिटें लागतात. दोन ठिकाणीं रस्ता ओलांडावा लागतो. तेथें एक म्हातारा पुढें आणि एक मागें. पहिल्या आठवड्यांत मुलें कंटाळलीं. दुसऱ्या आठवड्यांत एकाला झाडावर घारीचें घरटें दिसलें, आणि तेव्हांपासून मीं थोडा उशीर केला तर तींच दारांत ओरडत उभीं असतात.

यांत पेट्रोल किती वांचलें म्हणाल, तर फार नव्हे. पांच स्कूटरींचें मिळून महिन्याला तीन-चार लिटर. पण शाळेच्या दारापुढें पांच गाड्या कमी झाल्या, आणि त्या दारांतून शिरणाऱ्या इतर मुलांना तेवढी जागा मोकळी झाली. दुसऱ्या एका गल्लींतील आजोबांनीं परवां मला थांबवून, आम्ही किती वाजतां निघतों, हें विचारलें आहे.

श्रोतेहो, आज रात्रीं आपणही एक कोरा कागद घ्या. आपल्या घरांतील माणसें रोज कोठें जातात, किती किलोमीटर जातात, आणि त्यांतल्या कोणत्या फेऱ्या पायीं, बसनें, मेट्रोनें किंवा शेजाऱ्याबरोबर होण्यासारख्या आहेत, तें घरांतल्या सर्वांनीं मिळून लिहा. ज्या फेऱ्या होण्यासारख्या नाहींत, त्यांच्यापुढें कारणही लिहा: फुटपाथ नाहीं, बस नाहीं, दिवे नाहींत. पहिल्या यादीचा उपयोग आपल्या घराला होईल. दुसरी यादी आपल्या नगरसेवकाकडे घेऊन जा. उडत्या तक्रारीपेक्षां हिशेबाचा कागद हातीं असलेल्या माणसाला उत्तर देणें अवघड असतें, असा माझा शिक्षकाचा अनुभव आहे.

माझी सायकल अजून पडवींतच आहे. तिचें तेलपाणी मी नियमानें करतों. नातू दहा वर्षांचा आहे; त्याचा पाय अजून पायट्याला पुरत नाहीं. तो पुरेल तेव्हां त्याच्यासाठीं वाट तयार असावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.